शेवटची रिकामी ओळ

आमची संगणकभाषा ज्या माणसाने तयार केली त्याला आम्ही पाठीमागे 'कारलं' म्हणायचो. समोर 'सर' म्हणायचो, पण समोर जाण्याची वेळच येऊ नये याची काळजी सगळे घेत.

सर मूळचे यंत्रदुरुस्तीवाले. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांमधली यंत्रं दुरुस्त करत फिरायचे. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याला कळत नाही, म्हणून मधे माणसं बसवून आकडे हाताने उतरवले जातात आणि चुकतात, हे बघून त्यांचं डोकं फिरलं. त्यांचं डोकं फिरायला एवढं मोठं कारण लागत नसे, पण या वेळी ते होतं. घरी जेवणाच्या टेबलावर बसून दोन वर्षांत त्यांनी एक छोटी भाषा रचली. तिच्यात पाच-सहा ओळी लिहिल्या की सगळ्या यंत्रांचे आकडे प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे हजर. पुढे तीनशे प्रयोगशाळा ती वापरू लागल्या. एका संस्थेने सरांना खोली दिली आणि भाषेची माहितीपुस्तिका लिहायला मला नेमलं.

भाषा देखणी होती. हे मी रागात असतानाही म्हणते.

वापरणाऱ्यांच्या शंकांना मात्र सर स्वतः उत्तरं लिहीत. "तुमचा प्रश्न एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायचं धाडस नाही." किंवा, "यंत्राला नावं ठेवण्याआधी घरात आरसा आहे का बघा." मी एकदा कागद द्यायला त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा त्यांच्या पत्नीने चहा पुढे केला आणि त्या आपणहून म्हणाल्या, "घरी ते असे नाहीत, असं मी सांगेन असं वाटतंय ना तुम्हाला? घरीही असेच आहेत."

तर एके दिवशी एका प्रयोगशाळेतल्या बाईंचं पत्र आलं. रुग्णांच्या यादीत शेवटच्या नावानंतर एंटर दाबला नाही, तर ते नाव गळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पत्र दीड पानांचं, सोबत तीन उदाहरणं. सरांनी पहिलं वाक्य वाचून उत्तर टाकलं : "ओळ संपली की एंटर दाबतात. हे ज्यांना शिकवलेलं नाही त्यांनी आधी शाळेत जावं." स्वतः सरांना प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबायची इतकी सवय होती, की त्यांच्या हातून ते नाव कधी गळलंच नाही. त्या बाईंनी पुन्हा पत्र लिहिलं नाही. सरांची उत्तरं सगळ्या प्रयोगशाळांना जात; हेही इतरांनी वाचलं, आणि मग इतरांनीही लिहिलं नाही.

त्याऐवजी सगळे यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ सोडू लागले. आम्ही तिला 'शेपूट' म्हणायचो. नवा माणूस आला की जुने त्याला प्रसाधनगृह, पाण्याचं मशीन आणि शेपूट एवढ्या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी दाखवत. मीही पुस्तिकेत पान एक्केचाळीसवर लिहून टाकलं : 'यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ सोडावी.' का, ते लिहिलं नाही. कारण माहीत असूनही सरांच्या खोलीचं दार मी वाजवलं नाही. नऊ वर्षं.

मग एका प्रयोगशाळेत एक टापटिपीच्या बाई रुजू झाल्या. शेपूट कशासाठी ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; त्यांनी पहिल्याच आठवड्यात उगाच राहिलेली ओळ म्हणून ते पुसून टाकलं. यादीतल्या शेवटच्या नावाचा अहवाल निघालाच नाही. ते नाव एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. अकरा दिवसांनी त्या चक्कर येऊन पडल्या, तेव्हा शोधाशोध झाली. त्या वाचल्या. एका डोळ्याने आता त्यांना नीट दिसत नाही.

संस्थेने सभा बोलावली. भाषा ठेवायची की टाकायची, हाच विषय. अर्धे म्हणाले, माणूस उद्धट आहे, त्याची भाषा नको. अर्धे म्हणाले, गवंडी शिव्या देतो म्हणून आपण भिंत पाडतो का? दोन्हीकडचे बरेच विद्वान होते, त्यामुळे दुपारचे तीन वाजले. सर कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते, जणू दुसऱ्याच कुणाविषयी चाललं होतं. शेवटी अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

मी पान एक्केचाळीस वाचून दाखवलं, आणि ते का लिहिलं तेही सांगितलं. मी म्हणाले, "भिंतीला भोक आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गवंड्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझीसुद्धा."

सरांनी ते जुनं पत्र मागवलं. दीड पान सावकाश वाचलं. मग तिथेच संगणक उघडून दोष दुरुस्त केला. सहा मिनिटं लागली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमची भीती वाटायची."

"माझी?" ते खरंच चकित झाले होते. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी खाली बघत राहिले.

भाषा राहिली. पत्रांना उत्तरं देण्याचं काम सरांकडून काढून माझ्याकडे दिलं.

पुढच्याच आठवड्यात एक नवा दोष आला. मी त्याचा कागद घेऊन सरांच्या खोलीचं दार वाजवलं. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत सर ओरडले, "शक्यच नाही! कुठल्या मूर्खाने सांगितलं?"

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"अजून चार वाक्यं आहेत," मी म्हणाले. "ती संपली की ओरडा."

सरांनी माझ्या हातातल्या कागदाकडे हात पुढे केला. मी कागद दिला नाही. चारही वाक्यं त्यांना ऐकवली.