लिफ्ट, जिना आणि मामांचं मत

भाचीने मामांच्या फोनमध्ये काहीतरी बघितलं आणि म्हणून मामा नरमले, अशी कुजबुज त्या घराण्यात बराच काळ चालू होती. ‘काहीतरी’ म्हणताना धाकटी मावशी डोळे असे बारीक करायची, की ऐकणाऱ्यासमोर थेट एखादी बाईच उभी राहावी. मामांचा चेहरा नीट पाहिला असता तर ही शंका कोणाला शिवलीही नसती. पण चेहरे बघत बसलं तर कुजबुजायचं कधी?

मामा कारखान्यात तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेल्या प्रत्येक भागाच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचं. बसलं तर माल पुढे, नाहीतर भंगारात. निवृत्तीनंतर भोकं संपली, पण तपासायची खोड काही सुटेना. मग त्यांनी फोनवरच्या बातम्या तपासायला घेतल्या. ग्रहताऱ्यांच्या बातमीला ते मान देत. समाजशास्त्र, मानसशास्त्र असलं काही दिसलं, की त्यांची बोटं शिवशिवायची. ‘याला शास्त्र कोण म्हणतं? चार लोकांना विचारून यायचं आणि मोठा शोध लावल्याचा आव आणायचा!’ खाली पसंतीचे अंगठेच अंगठे. मामी म्हणायच्या, “घरात कोणी ऐकत नाही, म्हणून जगाला सांगत सुटलेत.”

आणि नेमकं त्यांच्याच भाचीच्या डोक्यात समाजशास्त्र शिरलं. तिच्या वडिलांना प्रत्येक वादात दोन्ही बाजू पटायच्या, त्यामुळे त्यांनी अंग काढून घेतलं: मामा म्हणेल तसं. प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मामा नाही म्हणाले, की पोरगी मुकाट्याने हिशेबाच्या अभ्यासक्रमाला जाणार, हे ठरलेलं.

ती आली तेव्हा मामी पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“बस,” मामा म्हणाले. “मी रागावणार नाही. लोक या विषयाला काय किंमत देतात, तेवढं दाखवतो.” त्यांनी फोनवर शोधाशोध करून तो तिच्या हातात दिला. “मोठ्याने वाच. मामीलाही ऐकू दे.”

“‘लिफ्ट असलेल्या इमारतींत शेजाऱ्यांची ओळख जास्त, असं एका अभ्यासात आढळलं.’ खाली तू लिहिलंयस, ‘साहजिक आहे. डब्यात कोंडल्यावर माणूस बोलणारच. हे सांगायला विद्यापीठ कशाला?’”

“अंगठे किती?”

“भरपूर.”

“बघ.”

भाचीचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. “मामा, त्याच अभ्यासावर तुझं अजून एक मत आहे. वाचू?”

“वाच की.”

“‘लिफ्ट नसलेल्या इमारतींत शेजाऱ्यांची ओळख जास्त. आमच्या आधीच्या बातमीत निष्कर्ष चुकून उलटा गेला होता, दिलगीर आहोत.’ त्याखाली तू, ‘साहजिक आहे. जिन्यात दम खायला थांबलं की माणूस बोलणारच. हे सांगायला विद्यापीठ कशाला?’”

मामींच्या हातातली घडी तशीच राहिली. “म्हणजे कोंडला तरी बोलतो, दमला तरी बोलतो. मग आत्ता का गप्प?”

मामांनी फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही बातम्या डोळ्यांजवळ धरून वाचल्या. दिलगिरीची ओळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

“दुसऱ्याला अंगठे किती?”

“पहिल्यापेक्षा जास्त.”

“माणसं तीच?”

“बरीचशी तीच.”

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, “आमच्याकडे एक गेज होतं. कुठल्याही भोकात जायचं. सगळा माल पास, साहेब खूश.”

“मग?”

“मग काय. झिजलं होतं ते.”

भाची हसली नाही. तिला उद्याची काळजी होती. “माझं काय ते सांग.”

“लिफ्ट की जिना, हे घरी बसून मला कळलं नाही. कोणीतरी जाऊन विचारून आलं, तेव्हा कळलं,” मामा म्हणाले. “तरी ते शास्त्र आहे, असं मी अजून म्हणत नाही.”

“नको म्हणूस. बाबांना फोन कर.”

त्यांनी केला. “जाऊ दे तिला,” एवढंच बोलले. मेहुण्यांनी कारण विचारलं. साऱ्या जगाला न मागता कारणं देणारे मामा घुटमळले आणि म्हणाले, “बघितलं तिने काहीतरी.” मेहुण्यांनी ते घरी सांगितलं, आणि मावशी तिथेच बसली होती.

फोनमध्ये बाई वगैरे कोणी नव्हती. एकमेकींच्या उलट अशा दोन बातम्यांखाली मामांची दोन मतं होती, आणि ती ज्याला हवी त्याला वाचता येत होती.