आत्याचा पालक आणि तिसरं तळं

आत्याने कागदावर अंगठा दिला तो माझ्या शब्दावर, साहेबांच्या नाही. तेवढ्यासाठी मी त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहराबाहेर हुडकेश्वरकडे तेव्हा नुसती वावरं होती. सांडपाण्याचा नाला आत्याच्या बांधाला लागून वाहायचा आणि त्याच घाण पाण्यावर ती पालक घ्यायची. काय तो पालक! तळहाताएवढी, काळपट हिरवी पानं. खताची चिमूटही टाकावी लागत नसे. हंगामातली पहिली जुडी ती न चुकता माहेरी, म्हणजे आमच्या घरी, आणून द्यायची. त्यातली अर्धी मी साहेबांकडे पोचवायचो, कारण त्यांच्या प्रयोगशाळेत मी नवा, कच्च्या नोकरीवरचा मदतनीस होतो.

नाल्याचं पाणी तीन उथळ तळ्यांतून फिरवून साफ करायचं आणि परत वावरांना सोडायचं, अशी साहेबांची योजना होती. नाला वळवायला बांधावरच्यांची संमती हवी होती. आत्या अडून बसली, तेव्हा साहेबांनी मलाच पाठवलं.

"सांग त्यांना, फक्त घाण जाईल. पाण्याचा कस तसाच राहील."

मी जसंच्या तसं सांगितलं, वर स्वतःची हमीही दिली.

"तू म्हनतं म्हणून," आत्या म्हणाली. "नाई तं मी अंगठा देल्ला नसता."

तळी भरली. उन्हाने पाण्यात हिरवं शेवाळ माजलं. मी रोज बाटल्या भरून आणायचो आणि अमोनिया मोजायचो, म्हणजे पाण्यातलं नत्र, जे युरियातून पिकाला मिळतं तेच. पहिल्या तळ्यात भरपूर, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यातून बाहेर पडताना जवळजवळ नाहीच. भर दुपारी तिसऱ्या तळ्याच्या काठावर माझं नाक चुरचुरायचं. उन्हात शेवाळ पाण्यातला कर्बवायू खाऊन टाकतं, पाणी धुण्याचा सोडा घातल्यासारखं होतं आणि अमोनिया वायू होऊन उडून जातो. थोडा शेवाळाच्या पोटात जातो आणि मेलेल्या शेवाळाबरोबर तळाशी बसतो. मी तर हरखून गेलो होतो. आकडे घेऊन साहेबांकडे धावत जायचो. बावळट कुठला! हे पालकाचंच जेवण उडून चाललंय, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

शिरलं ते आत्याच्या वावरात उभं राहिल्यावर. खालची पानं आधी पिवळी पडली होती, मग सगळे वाफे.

मी तडक साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे कपाटातून योजनेचा जुना कागद काढून समोर ठेवला. तळी खोदायच्या आधी त्यांनीच आपल्या हाताने लिहिलं होतं, नत्र बहुतेक सगळं निघून जाईल.

"म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"अरे, हे सांगितलं असतं तर कोणी अंगठा दिला असता का?" असं म्हणून त्यांनी चहा मागवला, माझ्यासाठीही. मी तो प्यालो. म्हणून त्यांच्याइतकाच राग मला स्वतःचाही येतो.

पुढच्या हंगामात आत्या जुडी घेऊन आली. हिरवीगार पानं बघून माझा जीव भांड्यात पडला.

"सुधारला वाटतं पालक!"

"इकत आनली बजारातून," ती म्हणाली. "खाली हातानं येऊ का माहेरी?"

मग माझ्याकडे बघत तिने विचारलं, "तुले मालूम होतं का गा, असं होईन म्हणून?"

"नाही आत्या, तुझी शपथ."

"अन् तुह्या साहेबाले?"

माझी नोकरी अजून कच्चीच होती.

"त्यांनाही नाही," मी म्हणालो.

"मंग कोनाचाच दोष नाई," आत्या म्हणाली आणि तिने जुडी सोडून अर्धा पालक साहेबांसाठी वेगळा काढला.