म्हाताऱ्या हाडाचा फोटो

स्पिरिटचा वास आला की मला कारधा गावाकडचं आमचं घर अन् धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, सुट्टी काढून गेलो तो दिवस आठवतो. आठवीत शाळा सोडलेल्या मला हाडांवर संशोधन करणाऱ्या सरांनी त्यांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत ठेवून घेतलं, ते उपकार कधी विसरणार नाही. हाडाची आतली बारीक वीण दाखवणारं सीटी मशीन तिथं आहे, त्यात मी हाडं बसवायचो अन् मशीन स्पिरिटनं पुसायचो. त्या दिवशी कमरेला शेक घेत बसलेल्या मायला मी मोबाइलवर एका म्हाताऱ्या हाडाचा फोटो दाखवला. चिखलाचं बोट पदराला पुसून तिनं तो मोठा केला. “हे त उधळीनं खाल्लेलं लाकूड दिसते, बाबू. माहं बी असंच असन का?” अशी हाडं नुसतं वाकतानाही मोडतात, हे सरांनी मला समजावलं होतं, पण तिचा उतरलेला चेहरा पाहून मी घाबरलो. म्हणालो, “नाही माय, तुहं लोखंडावानी आहे.” दुसऱ्या दिवशी बाबा तिला दवाखान्यात न्यायला उठले, तर ती पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी डोक्यावर घेऊन रोवायला बांधीकडं निघालीच. “कायले जाऊ? मशीनवाल्या पोरानं सांगतलं ना!” दिवाळीआधी अंगण झाडायला वाकली अन् खुब्याचं हाड मोडलं. मी घरी आल्यावर बाबा मला रागावून बोलले, तर खाटेवरून तीच म्हणाली, “त्याले नोका बोलू. शाळा सुटली त्याची, त्याले कसं समजन?” मला समजलं होतं, हे आजही फोनवर तिला सांगवत नाही.