मुठीतला चहा

सुटा चहा घ्यायचा तर डब्यावरच्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मला आबांनी शिकवलं. माझे वडील. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी जन्म घालवला. दुकानात ते चिमूटभर चहा तळहातावर घेत, मूठ मिटून आत गरम श्वास सोडत आणि मग मुठीला नाक लावत. दुकानदार निकालाची वाट बघत उभा राहायचा. गल्लीत कुणाकडे लग्न असलं की चहा निवडायला आबांनाच नेत.

मध्यंतरी त्यांनी आणलेल्या चहाची मी परीक्षा घेतली. चौकात भेसळीविरुद्ध पत्रकं वाटते मी, घरात कशी सोडीन? चिमूटभर पूड थंड पाण्यात टाकली. लगेच लाल रेघा तळाला गेल्या. रंग दिलेला चहा.

"आबा, फसवलंय तुम्हाला. चला, जाब विचारू."

"र्‍हाऊ दे की," आबा म्हणाले. मी ऐकलं नाही. ग्लास हातात धरून त्यांना दुकानात नेलं. गिऱ्हाईक भरपूर होतं. मला तेच हवं होतं.

दुकानदार ग्लासाकडे बघतही नव्हता. "मामा, तीन डब्यांतला तुमीच निवडला की. मी काय गळ्यात मारला व्हय?" त्याने पुन्हा तिन्ही डबे उघडले. "घ्या, हितंच निवडा. समद्यांसमोर."

आबांनी चिमूट घेतली, श्वास सोडला, मूठ नाकाशी धरली. बराच वेळ. मग मूठ माझ्यापुढे केली.

"तू बघ पोरी. मला कशाचाच वास येत न्हाय. लई दिवस झालं."

मागे कुणीतरी हसलं.

कापसाची धूळ माणसाच्या छातीत काय करते, यावर मी चार पानी पत्रक लिहिलंय. मालकांना शिव्या घातल्यात त्यात. एवढी वर्षं तीच धूळ डोक्यावर, नाकात घेऊन हा माणूस रोज माझ्यासमोर जेवायला बसला आणि मी एकदाही विचारलं नाही. त्यांनी लपवलेलं मी बाजारात उघडं पाडलं.

मी वास घेतला. मला त्यांच्या हातात मुरलेल्या यंत्राच्या तेलाचा वास आला, बाकी काही कळलं नाही. निवडायला मी कधी शिकलेच नव्हते.

आम्ही बंद पाकीट घेतलं. आबांनी ते हातातही धरलं नाही. त्यानंतर चहाच्या दुकानात ते गेलेले नाहीत, आणि गल्लीतलं कुणी बोलवतही नाही.