मुक्या अक्षरांचा मार

इंग्रजीतल्या मुक्या अक्षरांचा मला राग आहे. पंगतीला बसायचं, पोटभर जेवायचं आणि वाढायला मात्र उठायचं नाही, असली ही मंडळी. वॉकमधला एल बघा, नाईफमधला के बघा. मी आता हीच भाषा शिकवते, तरी राग गेलेला नाही. या अक्षरांपायी आमच्या घरातल्या पोरीचा कान गेला.

गावच्या शाळेत मी आणि माझी चुलत बहीण एकाच बाकावर बसायचो. आमचं नाव घालायला चुलते, म्हणजे तिचे वडील, आले होते. सरांपुढं हात जोडून म्हणाले, "हाडं आमची, मांस तुमचं. हाणा, पण शिकवा." सगळेच पालक तसं म्हणायचे. सरांनी मात्र ते शब्दशः खरं धरलं.

स्पेलिंग पाठ करायची आमची एक रीत होती. लिहिताना अक्षर सुटू नये म्हणून ते तोंडानं वाजवायचं. वेड-नेस-डे. क-नाईफ. लिस-टेन. स्पेलिंग चुकत नसे, पण वाचायला उभं राहिलं की तोंडातून तेच बाहेर पडे. मग सर उसळत. त्यांची शिक्षा ठरलेली. ज्याला उच्चार येतो त्यानं चुकणाऱ्याचं नाक डाव्या हातानं धरायचं आणि उजव्यानं थोबाडीत द्यायची. पोरं पोरांना मारायची आणि सर खुर्चीत बसून बघायचे. प्लंबरमधला मुका बी आख्खा जिल्हा बोलून दाखवतो, सरही दाखवायचे. त्यांचं नाक धरायला कुणी नव्हतं.

बहिणीला उच्चार छान यायचे. टीव्हीवरची क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून ऐकून तिची जीभ वळली होती. तिला नर्स व्हायचं होतं आणि ती झालीही असती.

त्या दिवशी फळ्यावरचा वार मी वाचला, "वेडनेसडे." सरांनी तिला उभं केलं. तिनं "वेन्सडे" म्हटलं, माझं नाक धरलं आणि गालाला नुसता हात लावला.

"अशी मारतात व्हय? ये, दाखवतो."

सरांनी तिचं नाक धरलं आणि हात असा फिरवला की ती बाकावर आपटली. उठली तेव्हा डाव्या कानातून रक्त मानेवर ओघळत होतं. वर्गात उच्चार बरोबर आलेली ती एकटीच होती. मला सरांचा हात कडकडून चावावासा वाटला. तिनं माझी ओढणी मुठीत धरून ठेवली, म्हणून वाचले ते.

तुळजापूरच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. चुलते नांगराचं रुमणं घेऊन शाळेवर धावून गेले. त्यांच्यामागं आम्ही दोघी. सर भिंतीला टेकले, पण जीभ शाबूत होती. "तुम्हीच म्हणाला होता की, मांस तुमचं?"

चुलत्यांचा वर गेलेला हात खाली आला. ते तसेच मागं फिरले आणि तो सगळा राग घरी येऊन तिच्यावर काढला. "एक थोबाडीत हाणायला काय जात हुतं तुजं? जोरात हाणली असतीस तर कान वाचला असता!" असं म्हणत दुखऱ्या बाजूलाच पुन्हा हाणली. मी मधे पडले तर मलाही बसल्या. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. मी शाळेत जायची आणि ती खुरपं घेऊन रानात.

पुढं तिचं लग्न माकणीकडं झालं आणि माझी नोकरीही योगायोगानं त्याच भागात लागली. यंदा जूनमध्ये ती लेकीला माझ्या वर्गात घालायला आली. तिच्या पुढं एक गृहस्थ उभे होते. पोराला पुढं ढकलत मला म्हणाले, "हाडं आमची, मांस तुमचं, बाई." मी मान खाली घालून पोराचं नाव लिहून घेतलं.

ते गेल्यावर ती टेबलापाशी आली. लेकीचा हात तिनं सोडला नव्हता.

"ऐक," ती म्हणाली, "हिची हाडं बी माझी आन मांस बी माझंच. तू निस्तं शिकीव."

मी उठून तिच्या उजव्या बाजूला गेले आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "व्हय."