गाडीला पाजायचं की पोफळींना

म्हसळ्याच्या शाळेत शिकवून दमून घरी आलो, तर दिवेआगरच्या आमच्या वाडीत पाहुण्यांची लाल, विजेवरची स्पोर्ट्स कार उभी होती. तिची वायर पंपाच्या बोर्डाला लावलेली.

"मोठ्या बॅटरीची गाडी फारच महाग होती, सर," पाहुणे कसनुसं हसले. "म्हटलं, आपण लांब कुठे जातो? आता माणगावच्या चार्जरपर्यंतही पोचेलसं वाटत नाही."

बाबा वादळात जुनी झाडं पडल्यावर नव्याने लावलेल्या पोफळींपाशी पाण्यासाठी खोळंबले होते. आमची लाइन पंप आणि गाडी एकदम पेलत नाही.

"मग, गाडीला पाजायचं की पोफळींना?" त्यांनी मला विचारलं.

याच वाडीने मला पदवीपर्यंत शिकवलं. पण हल्ली घर पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांवर चालतं.

शेवटी पाहुण्यांनीच प्लग काढला. "आधी शिंपून घ्या. मी उद्या निघतो."

पंप सुरू झाला. मी कपडे न बदलताच पाहुण्यांशेजारी पायरीवर बसलो.

"तुम्ही कुठल्या बॅटरीची घेतली असती?" त्यांनी विचारलं.

"माझं जाणंयेणं म्हसळ्यापर्यंतच. छोटी पुरली असती," मी म्हटलं. "पण वाडीत चार्ज केली नसती."