घंटा त्याने ठेवल्या, कुत्रा मला दिला

तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याने मला फसवले. मी शहाद्याच्या बाजारातला गुरांचा दलाल. माणूस आपल्या बैलाच्या पाठीवर हात कसा ठेवतो, यावरून त्याची नड ओळखणारा. पोरवयात दुसऱ्यांची गुरे हाकत बाजाराला यायचो, तिथून स्वतःचा गोठा बांधण्यापर्यंत आलो, तो कोणाच्या उपकाराने नव्हे. मला बाजारात कोणी फसवत नसे. त्याने फसवले, आणि तेही एका कुत्र्यात.

आमचा सौदा तोंडाने होत नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव सांगायचा. भोवती माणसे उभी असतात, पण कोणाला काही कळत नाही. त्या दिवशी त्याची पांढरी बैलजोडी मी घेतली, तो सौदा असाच झाला. चांगला झाला. पण सौदा झाल्यावरही वर काहीतरी पदरात पाडून घ्यायचे, ही माझी खोड. त्याच्या गाडीखाली एक तांबूस कुत्रा बसला होता.

"हाऊ कुत्राबी दे," मी म्हणालो.

"लई जा," तो म्हणाला.

बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि दावी त्याने सोडून गाडीत टाकली. त्याचे मला काही वाटले नाही. जनावर विकले तरी दावे आणि घंटा विकणाऱ्याच्या घरीच राहतात, नाहीतर गोठ्याची लक्ष्मी जाते, अशी आमच्याकडची रीत. इतक्या पटकन 'लई जा' म्हणणाऱ्या माणसाचा मी एरवी संशय घेतला असता. त्या दिवशी फुकटाच्या आनंदात राहून गेले.

माझा गोठा गावाच्या टोकाला, आणि गोठ्याला लागूनच माझी खोली. बायको आदल्या वर्षी तापाने गेली होती. मूलबाळ नव्हते. भिंतीपलीकडे एक म्हातारा पिंजारी आणि त्याचे मोठे कुटुंब.

पहिल्याच रात्री कुत्रा उठला. चोर, कोल्हा, वाटसरू, काही नव्हते. तो त्या बैलांसमोर उभा राही, दोनदा भुंके, थांबे, कान टवकारून ऐके, आणि पुन्हा भुंके. बैल रवंथ करत बसलेले. पहाटेपर्यंत हेच.

सकाळी पिंजारी दारात आला.

"सेठ, दिनभर मैं रुई धुनता हूँ, रातभर तुम्हारा कुत्ता मुझे धुनता है."

"चाचा, नवा आहे. रुळेल."

"रुळेगा तब रुळेगा. नहीं तो मैं ही कुछ खिला देता हूँ उसको."

म्हातारा मस्करी करत होता, पण त्याचा मुलगा मागे उभा होता आणि तो हसत नव्हता.

मी कुत्र्याला दूधभाकरी घातली. मग उपाशी ठेवला. खोलीत कोंडला तर दार ओरबाडले. काठीने मारला, तर मार खाऊन पुन्हा त्याच जागी जाऊन भुंकला. एकदा संध्याकाळी गोमाई नदीपलीकडे लांब सोडून आलो. उजाडताना ओल्या पायांनी उंबऱ्यात हजर. पुढच्या बाजाराला मी ती जोडी विकली. वाटले, बैलांपायी भुंकत असेल, ते गेले की निवेल. त्या रात्री तो रिकाम्या खुंट्यांसमोर उभा राहून भुंकला.

तेव्हा मी त्याला दोरीला बांधून थेट त्या शेतकऱ्याच्या दारी नेला. तो ओट्यावर बसला होता. बायको कापूस निवडत होती. कुत्रा त्यांच्या पायांत लोळू लागला.

"हाऊ रातभर भुकस," मी म्हणालो. "ठेव तुन्हा तुले."

"सौदा व्हयना, आते परत कसा लेवू?"

"याले व्हयनं काय?"

"काही नही. पिल्लू व्हता तवयपासून बैलसजोडे झोपस. रातले बैलनी मान हालनी, घंटी वाजनी, का हाऊ निवांत. घंटी नही वाजनी का उठीसन भुकस."

माझे डोके फिरले. "मंग त्या दिनले काबर सांगं नही?"

"तू इचारं का?"

मी राग गिळला. सौद्यात राग गिळता आला पाहिजे. म्हणालो, "मंग घंटी दे. काय लेस ते ले." आणि खांद्यावरचा रुमाल काढून पुढे केला.

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "घंटी घरनी शे. ती कोनी इकस का?"

बायको कापसातून मान वर न करता म्हणाली, "भाऊ, कुत्रा फुकट लिधा, आते घंटीबी फुकट लेस का?" आणि दोघे हसले.

सगळे आयुष्य बाजारात काढले. पुढे केलेल्या रुमालाखाली हात द्यायला कोणी नकार दिला नव्हता. भाव पटला नाही तरी हात द्यायचा, मग काढून घ्यायचा. त्याने दिलाच नाही. मी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि कुत्रा घेऊन परत निघालो. वाटेत तो दर थोड्या अंतराने मागे वळून बघत होता. मीही बघत होतो, पण माझे कारण वेगळे होते.

बाजारातून नव्या घंटा आणल्या. विकाऊ गुरे गोठ्यात असत, त्यांच्या गळ्यात बांधल्या. कुत्र्याने वास घेतला आणि भुंकू लागला. मग एका रात्री माझा तोल सुटला. अंथरुणातून उठून मी गोठ्यात गेलो आणि त्या शेतकऱ्याला मोठमोठ्याने शिव्या घालू लागलो. त्याच्या सात पिढ्या काढल्या. धाप लागून थांबलो तर कुत्रा पायाशी बसलेला, मान पुढच्या पायांवर. मी गप्प झालो तसा त्याने डोके वर केले. मी पुन्हा बोलू लागलो. त्याने डोके खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी पिंजाऱ्याने विचारले, "रात को किससे झगड़ा था सेठ? भाभी तो रही नहीं."

त्यानंतर रोज गोठ्यात बाज टाकून झोपू लागलो. दिवसभर बाजारात बोटांनी बोलणारा मी, रात्री तोंडाने बोलत असे. सुरुवातीला त्या शेतकऱ्याने कसे फसवले तेच सांगायचो. किती वेळा सांगणार? मग बाजारात कोणी काय मागितले, कोणता बैल लंगडतो, ते सांगू लागलो. बायको आजारी असताना मी पाचोऱ्याकडे खरेदीला गेलो होतो, हेही एकदा सांगून झाले. ते मी तोवर कोणाला सांगितले नव्हते. कुत्रा झोपलेला असे. बोलता बोलता मलाही झोप लागे. अशी वर्षे गेली. भिंतीपलीकडे पिंजाऱ्याची नातवंडे मोठी झाली. तो म्हणे, "सेठ का सौदा रोज रात को पक्का होता है."

गेल्या थंडीत कुत्रा म्हातारा होऊन मेला. गोठ्यामागे पुरला.

आता रात्री सगळे गप्प असते. मी बाजेवर पडतो आणि तोंड उघडतो, पण समोर कोणी नसताना बोलवत नाही. गप्प राहिले तर झोप येत नाही. उठून बसतो. दोनदा कान देऊन ऐकतो. पुन्हा पडतो.

कुत्रा येण्याआधी मी एकटा होतो, पण झोपत होतो. ही सवय मला त्या माणसाने लावली, माहीत असून, हसत हसत. त्याच्या घंटा त्याच्या गोठ्यात अजून वाजत असतील आणि तो निवांत झोपत असेल. मी पुन्हा एकदा त्याच्या ओट्यासमोर जाऊन रुमाल पुढे करणार आहे. या खेपेला त्याने हात मागे घेऊ नये. घंटा नको, कुत्रा नको, त्याने एवढेच सांगावे: रात्री मी आता कोणाशी बोलू?